मोडेम घेण्याआधी भिंतीतून येणारी वायर बघा

गेल्या चवथीला माझा मामेभाऊ न्यू जर्सीहून आला आणि चॉकलेटं, परफ्युमबरोबर एक काळा डबा पण घेऊन आला. केबल मोडेम, म्हणजे टीव्हीच्या केबलवरून नेट घरात उतरवणारा डबा. म्हणाला दादा, मोडेमचं भाडं कशाला भरत बसतोस, हा लाव, एकदाच खर्च आणि मग कटकट नाही. मी मुळात भाडं भरतच नव्हतो, डिपॉझिट दिलेलं, पण एवढ्या लांबून प्रेमाने आणलाय म्हणून काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला बोलावलं, तो पोरगा स्कूटरवरून आला, डबा उलटासुलटा केला, मागची आटे असलेली गोल जागा बघितली आणि हसून म्हणाला, "पात्रांव, हें हांगा चलचें ना", म्हणजे मालक, हा इथे चालायचा नाही. मग भिंतीतून येणारी वायर दाखवली. ती केबलची नव्हतीच, फायबरची होती, आत काचेचा बारीक तंतू असलेली. दोन वर्षं ती माझ्याच दारावरून आत येत होती आणि मला पत्ता नाही, कारण आमच्याकडे गोव्यात सगळ्यालाच "केबलचं नेट" म्हणतात, वायर कुठलीही असो.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी विचारलं की कुठला मोडेम घेऊ, तर मी आधी विचारतो वायर कुठली आहे ते सांग. त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मामेभावाचं चुकलं असंही नाही हा. अमेरिकेत बऱ्याच केबल कंपन्या मोडेमचं भाडं महिन्याला १०-१५ डॉलर लावतात, म्हणजे वर्षाचे १२० ते १८० होतात, तेवढ्यात बऱ्यापैकी मोडेम स्वतःचा येतो, म्हणून तिकडे लोक दुकानातून घेऊन लावतात आणि कंपनीला मोडेमचा नंबर कळवून चालू करून घेतात. आपल्याकडे रीत वेगळी, बहुतेक ठिकाणी डबा ऑपरेटरच देतो, कुठे डिपॉझिट घेऊन तर कुठे सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले की फुकट. म्हणून "स्वतःचा घ्यायचा का" हा प्रश्न इकडे वेगळ्या जागी येतो, ते खाली सांगतो.

तर वायर. चार प्रकार बघायला मिळतात. पहिली काळी किंवा पांढरी, पेन्सिलीएवढी जाड, गोल, टोकाला आट्यांचं गोल कनेक्टर आणि मधोमध तांब्याची एक बारीक तार बाहेर आलेली, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला लागते तीच, ती कोॲक्स. खरा केबल मोडेम फक्त हिला लागतो. दुसरी एकदम बारीक, चपटी किंवा गोल, टोकाला हिरवा नाहीतर निळा चौकोनी प्लास्टिकचा खटका, ती फायबर. तिसरी कॉम्प्युटरला लावतो ती आठ तारांची लॅन केबल, थेट खांबावरच्या पेटीतून घरात आलेली, छोट्या ऑपरेटरकडे ही अजून दिसते. चौथी जुन्या लँडलाइनची दोन तारांची, टेलिफोनला जाते ती, तिच्यावर जे नेट चालायचं ते एडीएसएल. ही शेवटची आता जवळजवळ गेलीच, पण तिची आठवण ऑनलाईन दुकानांत अजून आहे, आणि तिथेच लोक फसतात. "मोडेम राउटर" असं मोठं नाव, किंमत कमी, रेटिंग बरं, म्हणून मागवतात आणि डबा घरी आला की कळतं मागे फोनची वायर लावायची बारकी जागा आहे आणि आपल्याकडे फोनच नाही. माझ्या आतेने साखळी गावात असाच एक मागवला होता, परत करायची मुदत गेली तेव्हा कुठे मला फोन आला.

आता कोॲक्सवाल्यांसाठी. गोव्यात हे कमी होत चाललंय पण शहरातल्या जुन्या बिल्डिंगींमध्ये अजून सापडेल, आणि ज्यांची मुलंबाळं बाहेरदेशी आहेत त्यांना तर हा भाग उपयोगी पडेलच. केबल मोडेम ज्या नियमांवर चालतो त्याला डॉक्सिस म्हणतात. डॉक्सिस ३.० हे २००६ साली आलं आणि ३.१ हे २०१३ साली. फरक साध्या भाषेत सांगायचा तर जुन्या पद्धतीत मोडेम एकाच चॅनलवर, म्हणजे एकाच वाटेवर, बोलायचा, ३.० मध्ये अनेक चॅनल एकत्र बांधता येतात. डब्यावर ८ गुणिले ४, १६ गुणिले ४, ३२ गुणिले ८ असं जे लिहिलेलं असतं ते हेच, पहिला आकडा घरी येणाऱ्या चॅनलांचा, दुसरा घरातून जाणाऱ्या. अमेरिकी पद्धतीत एक चॅनल ६ मेगाहर्ट्झचा, त्यातून साधारण ३८ एमबीपीएस (नेटच्या स्पीडचं माप) निघतात. युरोपी पद्धतीत ८ मेगाहर्ट्झचा, त्यातून ५० च्या आसपास. म्हणजे ८ चॅनलच्या मोडेमची वरची हद्द एका पद्धतीत ३०० च्या आसपास तर दुसरीत ४००, पण ते चॅनल गल्लीतल्या सगळ्या घरांत वाटलेले असतात हे विसरू नका, संध्याकाळी आठ वाजता सगळे एकदम बसले की आकडा खाली येतोच.

आणि इथेच मामेभावाच्या मोडेमचं दुसरं दुखणं. आपल्याकडचे केबल टीव्हीचे चॅनल ८ मेगाहर्ट्झचे आहेत, त्यामुळे इकडे युरोडॉक्सिस नावाचा प्रकार जुळतो. माझ्या घरी कोॲक्स असती तरीसुद्धा तो अमेरिकी डबा लागला नसता किंवा अर्धवट लागला असता. बाहेरून कोणी आणत असेल तर आधीच सांगा, राउटर (आलेलं नेट वायफायने घरभर वाटणारा डबा) आण, मोडेम नको.

कोॲक्सवर आज नवीन घ्यायचाच असेल तर माझं मत सरळ आहे, ऑपरेटर ३.१ चालवत असेल तर ३.१ घ्या, नसेल तर ३.० चा किमान १६ चॅनलवाला. ३.१ चा फायदा नुसत्या स्पीडचा नाही. घरातलं कोणी मोठा व्हिडिओ वर चढवत असेल तेव्हा बाकीच्यांचा व्हिडिओ कॉल अडकतो ना, ती रांग आवरायची सोय ३.१ मध्ये मुळातच आहे. स्पेसिफिकेशनमध्ये १० जीबीपीएस (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) वगैरे वाचाल ते सोडून द्या, ते कागदावरचं. आणि आत चिप कोणती आहे तेही बघा, कारण २०१६ मध्ये इंटेलच्या प्यूमा ६ चिपवाल्या मोडेमचं प्रकरण गाजलं होतं, स्पीड टेस्ट झकास यायची पण मध्येच डेटा अडून बसायचा, गेम खेळणाऱ्यांचे हाल. सेकंडहँड बाजारात ते डबे अजून फिरतात. सेकंडहँड घेतलाच तर आधीच्या मालकाच्या खात्यातून तो सोडवलेला आहे ना हे विचारून घ्या, नाहीतर त्याच्या नावावर बाकी असली तर तुमचा मोडेम चालूच होणार नाही.

पैसे देण्याआधी ऑपरेटरला फोन करा. हे काम लोक करत नाहीत आणि नंतर बोंबलतात. विचारायचं काय तर, माझा स्वतःचा डबा तुम्ही चालू करून द्याल का? कोणकोणती मॉडेलं तुमच्याकडे चालतात? मोडेमच्या तळाला जो मॅक नंबर, म्हणजे त्या डब्याचा ओळख नंबर, असतो तो सिस्टीममध्ये घालायला तुम्ही याल की फोनवर घालाल? डिपॉझिट परत मिळतं का आणि डबा जळला तर कोणाचा? शेवटचा प्रश्न गोव्यात सगळ्यात महत्त्वाचा, का ते पुढे येईल. उत्तर गोलमाल वाटलं तर मी त्यांचाच डबा घेईन, बाकी पैसे राउटरवर घालेन.

फायबरवाल्यांचं तर बहुतेक तसंच होतं, डबा ऑपरेटरचाच. फायबरच्या डब्याला मोडेम म्हणतात खरे पण त्याचं नाव ओएनटी किंवा ओएनयू. स्वतःचा घ्यायचाच असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या, फायबरवर दोन जाती आहेत, जीपॉन आणि ईपॉन. जीपॉनमध्ये एका लाईनवर येताना २.४८८ आणि जाताना १.२४४ जीबीपीएस, आणि ती लाईन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. ईपॉनमध्ये दोन्हीकडे साधारण सव्वा जीबीपीएस. एकीचा डबा दुसरीवर चालत नाही. म्हणून बाजारात एक्सपॉन नावाचे दोन्ही समजणारे डबे मिळतात, ऑपरेटर बदलायची सवय असेल तर तेच घ्या. डब्याचा सिरीयल नंबर ऑपरेटरने त्याच्याकडे नोंदवल्याशिवाय काही होत नाही, आणि पीपीपीओई (ऑपरेटरकडे लॉगिन व्हायची पद्धत) चा युजरनेम पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (डब्याच्या सेटिंगमध्ये घालायचा) मागून वहीत लिहून ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट, हिरवं टोक आणि निळं टोक एकमेकांत घालू नका, हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, जबरदस्तीने लावलं तर सिग्नल मार खातो. लँडलाइन पण त्याच फायबरवर हवी असेल तर फोनची जागा असलेला डबा मागा, सगळ्यांना नसते.

लॅन केबल थेट येते त्यांना मोडेम लागतच नाही, फक्त राउटर. उगाच पैसे घालवू नका.

आता राउटर. माझ्या मते गोव्यातल्या माणसाने सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं. आमचं घर फोंड्याकडे, आजोबांच्या वेळचं, चिऱ्यांच्या भिंती हातभर जाड, वर कौलं. हॉलमध्ये राउटर ठेवला तर देवघरात जेमतेम दोन काड्या आणि मागच्या पडवीत शून्य. पावसात आणखी वाईट, कारण चिरा पाणी पितो आणि ओल्या भिंतीतून वायफाय जायला तयार नसतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे हे विसरून चालत नाही. वायफायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, असतात, ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान पण भिंत आली की दम सोडतो, २.४ वाला हळू पण लांब जातो, म्हणून दोन्ही बँड असलेलाच घ्यायचा, एकबँडवाला फुकट दिला तरी नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं बरं आहे, पर्वरीतल्या दोन बेडरूममध्ये एक मध्यम राउटर मधोमध उंचावर ठेवला की संपला विषय.

जुन्या घरात मात्र एकच भारी अँटेनावाला राउटर घेण्यापेक्षा दोन साधे घ्या आणि मध्ये लॅन केबल ओढा. आठ अँटेना असलेला कोळ्यासारखा दिसणारा डबा बघून मीही एकदा भुललो होतो, चिऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. भिंतीला भोक पाडून कॅट ६ ची वायर मागच्या खोलीत नेली आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय द्यायला, लावला तेव्हा घरात शांतता झाली. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेवढं मोठं घर आपल्यात कोणाचं नसेल, असलं तर आम्हाला जेवायला बोलवा. वायर ओढायची नसेल तर मेश, म्हणजे वायफायनेच एकमेकांना जोडलेले डबे, घ्या पण दुसरा डबा पहिल्याचा सिग्नल चांगला येतो तिथे ठेवायचा, जिथे नेट येत नाही तिथे नाही. हे नव्वद टक्के लोक उलटं करतात. टक्का माझा मी ठरवलेला आहे, हिशोब मागू नका.

डब्यावरचे आकडे म्हणजे लग्नातल्या हुंड्यासारखे, फुगवून सांगितलेले. १२०० लिहिलेलं असतं ते दोन बँडांची बेरीज असते, ३०० आणि ८६७, मग गोल केलेलं. एका फोनला १२०० कधीच मिळत नाहीत. त्यापेक्षा मागची पोर्टं बघा. "फास्ट इथरनेट" लिहिलं असेल तर तो १०० एमबीपीएसलाच अडतो, नाव फास्ट आणि काम स्लो. तुम्ही २०० चा प्लॅन घेतला आणि पोर्ट १०० चं असलं तर अर्धे पैसे गटारात. गिगाबिट हा शब्द बॉक्सवर दिसलाच पाहिजे. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी डाऊनलोड नाही, आठाने भागा, साडेबारा येतात, हे न कळल्यामुळे किती लोक बिचाऱ्या केबलवाल्याशी भांडतात.

किती मोठा राउटर लागेल हे ठरवायला मी चवथीचा हिशोब करतो. एरवी घरात आम्ही चार माणसं, पण चवथीला मुंबईचे, पुण्याचे, आतेकडचे सगळे येतात आणि प्रत्येकाकडे फोन, काहींकडे दोन, वर टीव्हीवर आरत्यांचे व्हिडिओ, पोरं माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) बसून गेम खेळतात. वीस-पंचवीस उपकरणं सहज होतात. स्वस्तातला डबा तेव्हा मान टाकतो. वायफाय ६ वाला (वायफाय ५ च्या पुढची पिढी) अशा गर्दीत बरा टिकतो, फक्त तुमचे फोन पण वायफाय ६ वाले असले तर फायदा पुरा मिळतो. वर्षभर दोघंच राहत असाल तर मात्र वायफाय ५ चा गिगाबिट राउटर पुरे, चवथीचे पाच दिवस पाहुण्यांना म्हणा मोबाईल डेटा वापरा.

बंद घरांचं एक सांगायचं राहिलं. घर गावात, मालक मुंबईत नाहीतर गल्फमध्ये, आणि व्हरांड्यात सीसीटीव्ही. कॅमेरा कंपनीच्या ॲपमधून बघत असाल तर काही प्रश्न नाही, पण थेट घरच्या पत्त्यावर जोडायचं असेल तर स्थानिक ऑपरेटर बहुतेक वेळा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा नेटवरचा पत्ता, देत नाही, अनेक घरं एकाच आयपीमागे लपवतो. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून काही दिसत नाही. स्टॅटिक (न बदलणारी) आयपी मिळते का आणि कितीला, हे आधीच विचारून घ्या.

डबा लागला की पहिल्याच दिवशी, केबलवाला घरात असतानाच, सिग्नल बघा. कोॲक्सवाल्यांनी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका, बहुतेक केबल मोडेमचं पान तिथे उघडतं. येणारी पॉवर शून्याच्या आसपास, उणे ७ ते अधिक ७ मध्ये असली तर छान, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) ३३ च्या वर हवा, जाणारी पॉवर पन्नाशीला टेकली असेल तर मोडेम ओरडून ओरडून बोलतोय असं समजा, लाईनमध्ये कुठेतरी खोट आहे. टीव्हीसाठी दोन फाटे करणारा स्प्लिटर असेल तर प्रत्येक फाट्यावर साडेतीन डीबी (सिग्नलच्या ताकदीचं माप) जातात, आणि घरोघरी एकाला एक जोडून तीन तीन स्प्लिटर लावलेले असतात. आधी ते काढा, मग मोडेमला शिव्या द्या. फायबरवाल्यांनी ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघायची, उणे १५ ते उणे २५ बरी, उणे २७ च्या खाली गेली की पावसाळ्यात रडणार. एलओएसचा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाशच येत नाहीये, राउटर रिस्टार्ट करून उपयोग नाही, कुठेतरी नारळाची झावळ वायरवर पडलेली असणार. या आकड्यांचा फोटो काढून ठेवा, पुढे तक्रार करताना "आधी उणे १९ होतं, आता उणे २८ आहे" असं सांगितलं की समोरचा सरळ बोलतो.

राहिली वीज. मे महिन्यात आपण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो, सुकी मासळी, मीठ, आमसुलं, त्याच यादीत मी आता राउटरचा छोटा यूपीएस आणि एक चांगला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारा) घातलाय. जूनच्या सुरुवातीला आणि परत ऑक्टोबरात जो गडगडाट होतो त्यात डबे जळतात ते दोन वाटांनी, एक विजेच्या प्लगमधून आणि दुसरी आत येणाऱ्या तांब्याच्या वायरीतून. कोॲक्स आणि लॅन दोन्ही तांबं, म्हणून आभाळ काळं झालं की प्लग काढलात पण ती वायर तशीच ठेवलीत तर काम अर्धंच झालं, ती पण उपसा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, हा फायबरचा मला सगळ्यात आवडणारा गुण, प्लग काढला की बस. पण त्याच ओएनटीतून लॅन वायर अंगणापलीकडच्या खोलीत नेली असेल तर तुम्ही परत तांबं बाहेर काढलंत, हे लक्षात असू द्या. डबा खिडकीजवळ नको, ओल लागते, आणि जमिनीवर पण नको, आमच्या एका राउटरमध्ये मुंग्यांनी वारूळ केलं होतं, ऊब मिळते ना त्यांना.

यूपीएस घेताना डब्याखालचे आकडे बघून घ्या, १२ व्होल्ट १ अँपिअर, दीड, दोन, काही ९ व्होल्टवाले पण असतात. व्होल्ट तंतोतंत तोच हवा, अँपिअर जास्त चालतो पण कमी नाही. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांना पुरेल असा दोन टोकांचा घ्या, नुसता राउटर जिवंत ठेवून उपयोग काय. बाहेरून आणलेल्या ॲडॉप्टरवर इनपुट १०० ते २४० लिहिलंय का ते प्लग लावायच्या आधी वाचा, नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर धूर निघेल. मामेभावाच्या मोडेमच्या ॲडॉप्टरवर १०० ते २४० होतं, आउटपुट १२ व्होल्ट. मोडेम शोकेसवर धूळ खातोय, ॲडॉप्टरवर मात्र माझा मागच्या खोलीतला राउटर गेलं वर्षभर चालतोय, चपट्या पिनांना दुकानातून एक कन्व्हर्टर घ्यावा लागला तेवढाच.